भांडायचंच असेल तर सकाळी जा

अगं, काल फोनवर तू सांगितलंस ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रात्री साडेअकराला वरच्यांचं दार बडवलंस, जिन्यात आरडाओरडा झाला आणि कुणीतरी मोबाइलही काढला. त्या व्हिडिओत तुझ्या जागून काढलेल्या रात्री दिसणार नाहीत गं, फक्त तू ओरडताना दिसशील.

तुझा राग खोटा नाही. तान्ही पोर नुकती कुठे डोळा लावते आणि डोक्यावर खुर्ची फरफटते, तेव्हा कुणाचंही पित्त खवळेल. पण बोलता बोलता तू त्यांच्या संस्कारांवर गेलीस. आता वरची बाई खुर्ची विसरली आणि संस्कार तेवढे धरून बसली. शिवाय पोर रडली ती कुणाच्या आवाजाने? तूच म्हणालीस, तुझ्या.

म्हणून सांगते, रात्री जाऊच नकोस. झोपमोड झालेल्या माणसाच्या तोंडून सरळ वाक्य निघत नाही, आणि ज्याच्या दारात आपण जातो तोही अंथरुणातून उठून आलेला असतो. सकाळी दहा-अकराला, घरातलं उरकून जा. ‘तुम्ही फार आवाज करता’ असं म्हणू नकोस. ‘आमच्या बेडरूममध्ये रात्री खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, जरा खाली येऊन ऐकाल का?’ असं विचार. खूपदा वरच्यांना खरंच पत्ता नसतो. त्यांना किरकिर वाटते ती खाली ढोलासारखी घुमते. खिडक्या लावून ती थांबत नाही, कारण हा आवाज स्लॅब आणि भिंतींतून उतरतो. आणि असा आवाज फसवतो बरं का! अगदी डोक्यावरचा वाटतो आणि निघतो शेजारच्या विंगेतल्या घरघंटीचा. म्हणून आधी खात्री कर. खुर्चीच असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात पायांना लावायचे रबरी बूच मिळतात, ते तूच घेऊन जा. ‘मी का द्यायचे?’ म्हणशील. झोप तुझी जातेय, म्हणून दे. चार खुर्च्यांना सोळा बूच लागतील, पैसे फारसे जाणार नाहीत.

गल्लीतल्या डीजेचं मात्र वेगळं. तिथे गोड बोलायलाही जाऊ नकोस. रात्री पोरांच्या घोळक्यात एकटीने उतरायचं नाही, आणि तुझ्या नवऱ्यालाही तावातावाने उतरू देऊ नकोस. अशा बाचाबाचीतून डोकी फुटलेली आहेत, जीवही गेलेले आहेत. तिथे कायदा आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. डेसिबल दहाने वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा किती कडक आहे ते बघ.

सरळ 112 ला फोन कर. नाव सांगितलं तर उद्या गल्लीत कसं राहायचं, ही तुझी धास्ती मला कळते. त्याचसाठी मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना सांगितलंय, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. तरी कुणी नावासाठी अडून बसलं, तर या आदेशाची आठवण करून दे. घाबरू नकोस, पण आवाजही चढवू नकोस. तारीख, वेळ आणि कसला आवाज ते वहीत लिहीत जा. पोलिसांपुढे आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘रोजच होतं हो’ यापेक्षा ती वही कामाला येते.

आणि त्या रात्रीच्या बोलण्याचं काय, तेही सांगते. बूच द्यायला जाशील तेव्हा दारातच म्हण, ‘त्या दिवशी संस्कारांचं बोलले ते चुकलं, खुर्चीचं मात्र खरं आहे.’ दोन्ही एका दमात म्हण, म्हणजे माफीही होईल आणि तक्रारही जागेवर राहील. त्यांनी चहाला बोलावलं तर बस पाच मिनिटं. नाही बोलावलं तर पिशवी देऊन ये आणि आठवडाभर वाट बघ. तोपर्यंत काही ऐकू आलं तर वहीत लिही, आणि फारच पेटलीस तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.