संगणकाची पाटी

आंकडेमोड पाटीवर करावी आणि उत्तर तेवढें वहींत उतरावें, ही रीत विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. संगणकासही अशी आंकडेमोड पुष्कळ असते. एखाद्या मोठ्या यादीचा क्रम लावितांना तो कित्येक फायली निर्माण करितो व काम संपतांच पुसून टाकितो. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत अशा फायलींसाठीं ‘टीएमपी’ नांवाचें फोल्डर असतें.

पूर्वीं हें फोल्डर डिस्कवरच असे. ज्या फाईलचें आयुष्य दोन क्षणांचें, ती डिस्कवर लिहिण्याचा खटाटोप कशास? अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें आपल्या सनओएस प्रणालीच्या चौथ्या आवृत्तींत ‘टीएमपीएफएस’ ही योजना आणिली. हिच्यांत फायली मेमरींतच राहतात. १९९२ सालच्या सोलारिस २.१ मध्यें टीएमपी फोल्डर मुळांतच या पद्धतीचें झालें. लिनक्सनें ही सोय २००१ सालीं घेतली, आणि डेबियननें २०२५ सालच्या तेराव्या आवृत्तींत तीच टीएमपीची नेहमींची व्यवस्था केली.

यामुळें वाचन फार जलद होतें, अशी कित्येकांची समजूत असते; ती अर्धवट आहे. डिस्कवरील फाईलही एकदां वाचली कीं तिची प्रत बहुधा मेमरींत राहतेच. खरा लाभ लिहिण्यांत आहे. डिस्कवरील फाईल आज ना उद्यां तेथें उतरवावी लागते. ही उतरवावी लागत नाहीं.

परंतु पाटी लहान असते. लिनक्समध्यें टीएमपीएफएसची मर्यादा, वेगळी न ठरविल्यास, मेमरीच्या निम्मी. म्हणजे ८ जीबी मेमरी असेल तर ४ जीबी. ही जागा आधींपासून अडत नाहीं; फायली वाढतील तशी भरते, आणि पुसेपर्यंत भरलेलीच राहते. मेमरी अपुरी पडली कीं त्यांतील मजकूर डिस्कवरील ‘स्वॅप’मध्यें जातो, मग वेग कसला? म्हणून अवजड तात्पुरत्या फायली ‘वार’ फोल्डरांतील दुसऱ्या टीएमपींत ठेवाव्या. तें बहुधा डिस्कवर असतें व संगणक पुन्हां सुरू केल्यावरही टिकतें.

पहिल्या टीएमपींत मात्र मुलानें निबंध ठेविला आणि वीज गेली, तर तो परत मिळण्याची आशा नको. आपल्या संगणकांत कोणती व्यवस्था आहे, हें पालकांसही सहज पाहतां येईल. ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढें टीएमपीचा मार्ग लिहावा. लिनक्समध्यें पहिल्या रकान्यांत ‘टीएमपीएफएस’ हीं अक्षरें आलीं, तर ती मेमरींतील पाटी होय.