बांधी विकण्याआधी: कॅन्सर मेंदूत पोचल्यावरचा खर्च

‘कॅन्सर डोक्यात गेला’ असे डॉक्टरांनी सांगितले की भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावात घरोघरी दोनच बोलणी ऐकू येतात. एक, आता काही उरले नाही. दुसरे, धानाची बांधी विकू, पण मुंबईला नेऊ. माझी कळकळीची विनंती आहे की पहिले आठ दिवस या दोन्हींपैकी काहीच ठरवू नका. या आजारात पेशंटला सगळ्यात लवकर आराम देणारे औषध सगळ्यात स्वस्त असते. सगळ्यात महाग उपचार मात्र प्रत्येकाच्या कामाचा नसतो.

स्वस्त औषध म्हणजे डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड. गाठीभोवती मेंदूला सूज येते. सकाळी उठताच डोके ठणकणे, उलटी, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांतले बरेचसे त्या सुजेमुळे होते. ही गोळी एक-दोन रुपयांची असते आणि अनेकदा दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. तिने साखर वाढते, पोटात जळजळ होते, म्हणून साखर तपासत राहा आणि सोबत पोटाची गोळी घ्या. बरे वाटले म्हणून ती एकाएकी बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करा. झटका (फिट) आला असेल तर लेव्हेटिरासिटामची गोळी देतात. तिचा भाव कंपनीगणिक बदलतो, जन औषधी केंद्रात ती बरीच स्वस्त मिळते.

मग तपासणी. मेंदूचा एमआरआय डाय देऊन करावा लागतो. खासगीत त्याला साधारण सहा ते बारा हजार लागतात. एकदा केलेल्या एमआरआयची सीडी आणि जुना बायोप्सी रिपोर्ट जिवापाड जपा. सीडी हरवली म्हणून तीच तपासणी पुन्हा करावी लागणे हा गरिबाच्या खिशाला पडणारा सगळ्यात फुकटचा खड्डा आहे. आणखी एक गोष्ट. आधी कॅन्सरचे निदानच झालेले नसेल, तर मेंदूतली गाठ क्षयरोगाची किंवा जंताचीही असू शकते. पक्के निदान होईपर्यंत कॅन्सरचे उपचार सुरू करू नयेत.

जायचे कुठे? तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय आणि भंडाऱ्याचे सामान्य रुग्णालय सलाइन, झटका, दुखणे सांभाळायला उपयोगी आहेत. उपचार ठरवायला मात्र नागपूरच गाठावे लागते. तिथे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधले एम्स आहे. मेंदूचा सर्जन, शेक (रेडिएशन) देणारा डॉक्टर आणि कॅन्सरचा डॉक्टर अशा तिघांचे मत मिळेल ते ठिकाण निवडा. एकट्याच्या मतावर कवटी उघडायला होकार देऊ नका.

उपचार ढोबळमानाने चार. गाठ एकच आणि मोठी असेल, बाकी शरीरातला आजार आटोक्यात असेल, तर ऑपरेशन. खासगीत दोन ते पाच लाख. गाठी थोड्या आणि लहान असतील तर फक्त गाठीवर नेम धरून दिलेला शेक, म्हणजे रेडिओसर्जरी. खासगीत दीड ते चार लाख. गाठी पुष्कळ असतील तर पूर्ण मेंदूला शेक. तो बहुधा पाच किंवा दहा बैठकांत देतात आणि खासगीत साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत जातो. चौथा उपचार कॅन्सरच्या जातीवरून ठरतो. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकात बदल सापडला, तर मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या आहेत. म्हणून ती चाचणी झाली का, हे विचाराच. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक मागा.

पूर्ण मेंदूच्या शेकाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या 538 रुग्णांचा अभ्यास आला. फुफ्फुसाच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरचे, ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरी न झेपणारे हे रुग्ण होते. स्टेरॉइड आणि शुश्रूषेला या शेकाची जोड दिल्याने त्यांचे आयुष्य किंवा त्याचा दर्जा फारसा बदलला नाही. सगळ्यांनाच हे लागू नाही, पण डॉक्टरांना विचारायचा प्रश्न यातून मिळतो: ‘यानं माणूस किती दिवस चांगला राहील, आणि नाही केलं तर काय होईल?’ असा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. पेशंट अंथरुणाला पूर्ण खिळला असेल, तर दोन आठवडे नागपुरात ताटकळण्यापेक्षा घरची नीट सेवा जास्त मोलाची ठरू शकते.

पैशांची पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची करा. रेशनकार्ड पिवळे, केशरी की पांढरे, हा प्रश्न आता राहिलेला नाही. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा. मंजुरी भरतीआधी किंवा भरती होताच घ्यावी लागते. आधी पैसे भरून मागाहून परत मिळवायचा विचार करू नका. पॅकेजमधल्या गोष्टीसाठी कोणी पैसे मागितले तर 155388 वर तक्रार करा. घरी घ्यायच्या महागड्या गोळ्या अनेकदा यात बसत नाहीत, ते आधीच विचारून घ्या. बसत नसतील तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा वर्षाला 1,80,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि दहा टक्के 3,60,000 पर्यंतच्यांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी आधीच काढून ठेवा.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. बिडी आणि मँगनीज खाणीतल्या कामगारांसाठी केंद्राची कामगार कल्याण संघटना आहे, तिचे विभागीय कार्यालय नागपुरात आहे. कॅन्सरच्या खर्चाची भरपाई हा तिच्या आरोग्य योजनेचा भाग आहे. घरात बाईचे बिडी ओळखपत्र पेटीत पडून असेल तर ते बाहेर काढा आणि उपचार सुरू होण्याआधी तिथे विचारा. मॉयल या मँगनीज कंपनीत कायम नोकरी असेल तर आधी कंपनीच्या दवाखान्यात जा.

प्रवासाचा पैसा कोणी मोजत नाही. नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. गाडी भाड्याने केली तर एका खेपेला तीन-चार हजार सहज जातात. शेकाच्या दिवसांत रोज ये-जा करू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना राहण्याची सोय विचारा. एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे माफ असते आणि सोबत्याला त्यात 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचेच असेल तर तुमसर रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेस आहे. पण नागपुरातला उपचार तोच असेल तर नुसत्या नावासाठी आजारी माणसाला रात्रभर गाडीत बसवू नका.

घरची कमाई थांबली असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगाचे रुग्ण बसतात. महिना 1,500 रुपये, अर्ज तुमसर तहसीलला. पैशांइतकीच दुखण्याचीही सोय बघा. त्यासाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत दिले तर त्याचे व्यसन लागेल ही भीती बाळगू नका. नागपुरात ‘स्नेहांचल’मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची मोफत शुश्रूषा होते.

आणि झटक्याची तयारी आजच ठेवा. रात्री झटका आला तर पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा लागोपाठ दुसरा आला, तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा आणि औषधांची चिठ्ठी सोबत द्या.