सॉफ्टवेअर जड, काउंटर स्लो: निकलाउस विर्थ यांच्याकडून शिकूया

"सर, बिलिंग सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" असं बरेच जण विचारतात. नाव ठरवायच्या आधी एका मुरलेल्या प्रोग्रामरचं म्हणणं ऐका.

निकलाउस विर्थ हे स्वित्झर्लंडचे. १९७० मध्ये त्यांनी पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा आणली, १९८४ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९५ च्या एका लेखात त्यांनी साधा हिशोब मांडला. पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहायचा एडिटर ८,००० बाइट्समध्ये बसायचा. आता त्याला शंभरपट जागा लागते. मग काम शंभरपट झालं का? तर नाही! हार्डवेअर जितक्या वेगानं सुधारतं, त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर जड होतं. यालाच 'विर्थचा नियम' म्हणतात. स्वतः विर्थ मात्र याचं श्रेय मार्टिन रायझर यांना देत.

असं का होतं? त्यांनी दिलेली तीन कारणं बघा:

१. 'पाहिजेच' आणि 'असलं तर बरं' यात गिऱ्हाईक फरक करत नाही. मग कंपनी सगळंच घालत सुटते.
२. किचकट म्हणजे भारी, असा आपला समज असतो.
३. घाई. आधी बाजारात आणा, नीटनेटकं नंतर बघू.

विर्थ नुसती तक्रार करून थांबले नाहीत. युर्ग गुटक्नेख्ट यांच्यासोबत त्यांनी झुरिकमध्ये ओबेरॉन ही आटोपशीर सिस्टीम बनवून दाखवली.

आता दुसरी बाजूही बघू. वाढलेली प्रत्येक गोष्ट फुकट नाही. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. म्हणजे मराठीत बिल हवं तर जागा जास्त लागणारच. तो खर्च कामाचा आहे.

बिनकामाचा खर्च कसा ओळखायचा? समजा, जड सॉफ्टवेअरमुळे प्रत्येक बिलाला २० सेकंद जास्त लागतात आणि दिवसाला ९० बिलं होतात. झाली की रोजची ३० मिनिटं! तेवढा वेळ गिऱ्हाईक ताटकळतं, आणि कंटाळलं की शेजारच्या दुकानात जातं.

म्हणून आजचा गृहपाठ. कागदावर दोन रकाने करा: 'पाहिजेच' आणि 'असलं तर बरं'. रोज लागतं किंवा कायद्यानं लागतं, तेवढंच पहिल्या रकान्यात. मग डेमो त्यांच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर नको, तुमच्याच कॉम्प्युटरवर मागा. दहा वस्तूंचं बिल करा, मोबाइलवर वेळ लावा. नेट बंद करून बघा. उद्या सोडायचं ठरवलं तर आपला डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, तेही विचारा.

पहिला रकाना पूर्ण आणि बिल झटपट, तर घ्या. दुसऱ्या रकान्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची घाई करू नका. तेवढ्यात दुकानात चार वस्तू जास्त भरता येतील.