बंद शटर उघडताना: काय करावे, काय टाळावे

दुकान, गाळा आणि गोदामाच्या आगीवर जाणाऱ्या अग्निशमन जवानांसाठी.

काय करावे

१. वर्दी घेतानाच शटरचा प्रकार विचारा; हाताने ओढायचे, साखळीचे की मोटरचे, यावर हत्यारे ठरतात.

२. पोहोचताच इमारतीला फेरी मारा; मागचे दार किंवा पोटमाळ्याची खिडकी शटरपेक्षा लवकर उघडू शकते.

३. आत कोणी झोपायला असते का, हे शेजाऱ्यांना आणि रखवालदाराला सर्वांत आधी विचारा.

४. बाहेरून कुलूप असले तरी आत माणूस आहे असेच धरा. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कुलूपबंद साडी दुकानात ५ कामगारांचा जीव गेला.

५. दुकानाचा वीजपुरवठा तोडा. मोटरला बॅटरी बॅकअप असेल तर तोही सोडवा.

६. बीए सेट, डोळ्यांचे संरक्षण आणि हातमोजे चढवूनच शटरपाशी जा.

७. शटरवर पाण्याचा हलका फवारा मारून पाहा. जिथे पाण्याची लगेच वाफ होते, तिथे मागे आग आहे.

८. फटींतून धूर बाहेर येऊन पुन्हा आत ओढला जात असेल तर थांबा आणि आधी वरून धुराला वाट करा; खालून हवा मिळाली तर स्फोटासारखा भडका उडेल.

९. होज चार्ज करा आणि ब्रँचवाला शटरच्या बाजूला उभा करा. पहिला काप त्यानंतरच.

१०. आधी कुलपे शोधा: खाली दोन्ही कडांना आणि मध्ये सेंटर लॉक.

११. साध्या कुलपाची कडी बोल्ट कटरने तोडा, कठीण पोलादाची सॉने. कडीचे दोन्ही पाय कापा, म्हणजे ती अडकून राहत नाही.

१२. कुलूप लोखंडी डबीत लपलेले असेल तर त्याचा नाद सोडा आणि कोयंडाच कापा.

१३. सेंटर लॉकचे दोन्ही दांडे चॅनलपाशी कापा. एक राहिला तरी शटर हलणार नाही.

१४. मोटरचे शटर हाताच्या साखळीने किंवा हँडलने उचलून पाहा; कापण्यापेक्षा ते लवकर होते.

१५. उचललेल्या शटरखाली दोन्ही चॅनलना पकड आवळा आणि भक्कम टेकू द्या. तापलेली स्प्रिंग शटर धरून ठेवत नाही.

१६. शटर उचलत नसेल तर दोन्ही चॅनलपासून वीतभर आत, खांद्याच्या उंचीपासून खालपर्यंत दोन उभे काप घ्या.

१७. एका उभ्या कापाच्या माथ्याशी छोटा तिरका काप द्या आणि सुटलेली पट्टी पकडीने ओढून काढा. खालचा सगळा भाग मोकळा होतो.

१८. शटरमागे माणसाचा आवाज असेल तर उलट्या ‘व्ही’चे दोन काप घ्या, सुटकेची वाट सर्वांत लवकर तिथून होते.

१९. सॉ चालवणाऱ्याच्या मागे एक जवान ठेवा; पात्यावर नजर असलेल्याला वरचे आणि बाजूचे दिसत नाही.

२०. कापलेले पत्रे लगेच ओढून दूर टाका. परतीची वाट तीच आहे.

२१. त्याच दुकानाची उरलेली शटरेही उघडा. आतल्या जवानांना दुसरी वाट हवी.

काय टाळावे

१. आत माणूस असण्याची शक्यता असताना चावीची वाट पाहू नका.

२. सरळ पुढून आणि एकदम शटर उघडू नका. ज्वाळा आधी तोंडावर येतात.

३. ड्रम आणि नामफलकाच्या खाली रेंगाळू नका. तापलेले ब्रॅकेट भिंतीतून सुटतात.

४. पहारीने खालची पट्टी मधोमध उचकटू नका. शटर वाकून चॅनलमध्ये कायमचे रुतते.

५. पट्ट्यांवर घण घालू नका. त्या दबतात, तुटत नाहीत.

६. शटरला दोर बांधून गाडीने ओढू नका. ड्रमसकट दर्शनी भिंत खाली येऊ शकते.

७. चॅनलवर किंवा त्याला चिकटून काप घेऊ नका. तिथे लोखंड दुहेरी असते आणि पाते अडकते.

८. खांद्याच्या वर सॉ नेऊ नका. झटका आल्यास तो आवरत नाही.

९. पाते पूर्ण वेगात येण्याआधी लोखंडाला टेकवू नका.

१०. कापातले पाते वळवू किंवा पिळू नका, चकती फुटते.

११. पात्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका.

१२. दाट धुरात पेट्रोल सॉवर भिस्त ठेवू नका. हवा न मिळाल्याने इंजिन बंद पडते, बॅटरीचा ग्राइंडर जवळ असू द्या.

१३. रंग, थिनर किंवा गॅसचा वास असताना ठिणगी उडवणारे हत्यार चालवू नका. हायड्रॉलिक कटर वापरा.

१४. शटरपाशी सॉमध्ये पेट्रोल भरू नका.

१५. मोटरचे बटण दाबून शटर चालते का ते पाहू नका. अर्ध्यावर अडकले तर काम दुप्पट होते.

१६. जाळीच्या शटरला पट्टीची पद्धत लावू नका. त्याचे आडवे गज दोन्ही बाजूंना कापा.

१७. शटर निघाले म्हणून थेट आत शिरू नका. मागे काचेचे दार किंवा सरकते लोखंडी गेट असते.

१८. टेकू न लावलेल्या शटरखालून कोणालाही जाऊ देऊ नका, अधिकाऱ्यालाही.

१९. उलट्या ‘व्ही’वर काम संपवू नका, बीए सेटसह परतायला पूर्ण रुंदी लागते.

२०. कापलेल्या कडांवरून होज ओढू नका. आत पाणी लागते त्याच क्षणी ती फाटते.

२१. सॉ, चकत्या आणि बॅटऱ्या तपासल्याशिवाय पाळी ताब्यात घेऊ नका.

हा कागद केंद्रात हत्यारांच्या कपाटावर लावा. आणि आयुष्यातला पहिला काप वर्दीवर घेऊ नका. भंगारातले शटर आणा, सगळ्यांनी त्यावर हात बसवा.