शाळेचा तोंडी नकार

ज्या नकारावर कोणाची सही नसते तो नकार सर्वांत चिवट असतो, हे वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आयुष्य आणि सरकारी दप्तरात बारनिशीच्या मेजावर नोकरीची सारी वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणी नव्याने सांगावयास नको होते. तथापि नातवाच्या शाळेच्या प्रकरणात त्याचा जो प्रत्यय आला, तो इतर आईबापांच्या उपयोगी पडावा म्हणून ही कैफियत मांडीत आहे.

नातू स्वमग्न आहे. त्याचे मराठी वाचन वर्गातील बहुतेकांहून स्वच्छ आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ओठांवर यावयास त्याला अवधी लागतो, ठरलेले वेळापत्रक अकस्मात बदलले तर तो कासावीस होतो, आणि वर्गात एकाच वेळी अनेक कंठ फुटले की कान झाकून बाकाखाली जाऊन बसतो. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक गॅलरी असलेल्या आमच्या चाळीने त्याच्याशी कसे वागावे हे कोणत्याही परिपत्रकाविना शिकून घेतले होते. शाळेला मात्र ते जमेना; आणि जमत नाही असे म्हणावयाचेही तिला जमेना.

प्रवेश देताना शाळेने सौजन्यात तिळमात्र कसूर केली नव्हती. पुढे मधल्या सुटीच्या सुमारास दूरध्वनी येऊ लागला, "आज जरा लवकर घेऊन जाता का, फार रडतोय". आणि जे प्रथम क्वचित घडले त्याचा लवकरच शिरस्ता होऊन बसला. सहलीच्या दिवशी "त्यालाच त्रास होईल" म्हणून, स्नेहसंमेलनाच्या दिवशी "गर्दी फार असते" म्हणून, आणि परीक्षेच्या दिवसांत इतरांचे लक्ष विचलित होते म्हणून तो घरी राहू लागला. वर्ष सरता सरता सूचना आली, "याच्यासाठी वेगळी शाळा पाहिलीत तर त्याचेच कल्याण." गंमत अशी की हजेरीपटावर तो पूर्ण दिवस हजर होता, शाळेने त्याला काढल्याचा एकही कागद नव्हता, आणि तरीही तो शाळेत नव्हता. बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. साठाच्या घरातील पट सांभाळणाऱ्या वर्गशिक्षिका बाईंच्या डोळ्यांत तर खरोखरच पाणी येई. परंतु सहानुभूतीपुढे अपील करता येत नाही, हीच तिची अडचण.

वेगळ्या शाळांविषयी माझ्या मनात किंतु नाही. शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी जे कार्य करीत आहे, त्याला या शहरात तोड नाही. पण मुलाची गरज म्हणून तेथे जाणे निराळे, आणि शेजारच्या शाळेची गैरसोय टळावी म्हणून पाठविले जाणे निराळे. आमच्याच वरळी सी-फेसवर राष्ट्रीय अंधजन मंडळाची इमारत आहे. पांढरी काठी दिसली की वरळीकर आपण होऊन वाट देतात. ज्याच्या हाती काठी नाही त्याला ती वाट मागून घ्यावी लागते.

ती आम्ही लेखी मागितली. सूनबाईंनी दूरध्वनीचा दिवस, वेळ आणि सांगितलेले कारण यांची वहीत नोंद ठेवली होती. तिच्या आधारे मुख्याध्यापिका बाईंच्या नावे अर्ज लिहिला, त्याच्या दोन प्रती केल्या, आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख घालून घेतली. अर्जात आरोप एकही नव्हता, मुलाला काय हवे एवढेच होते, आणि अखेरीस एक वाक्य : "वरील सोयी देणे शक्य नसल्यास कारणांसह लेखी कळविण्याची कृपा व्हावी." माझ्या अनुभवास आले ते असे की सारे काम या वाक्याने केले, कारण ते कारण लिहून देणे कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेला परवडणारे नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते व त्यांत स्वमग्नतेला जागा नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता आली आणि अध्ययन अक्षमताही आली. त्या कायद्याचे सोळावे कलम भेदभावाविना प्रवेश आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी यांविषयी बोलते. शिक्षण हक्क कायद्याचेही, योगायोगाने, सोळावेच कलम प्राथमिक शिक्षण पुरे होईतो मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते.

मागण्या तरी काय होत्या? दारापासून आणि पंख्यापासून दूरचा पुढचा बाक. घंटेपूर्वी बाईंनी खांद्याला हात लावून दिलेली सूचना. दिवसाचे तास चित्रांनी दाखविणारी एक पट्टी. आणि फार झाले म्हणजे वाचनालयाच्या कोपऱ्यात थोडा वेळ बसण्याची मुभा. यांत खर्चाची बाब नव्हतीच. विशेष शिक्षकाची गोष्ट वेगळी. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. आमच्या शाळेला त्याची प्रतीक्षा आहे, आणि तोपर्यंत वर्गशिक्षिकेवरच सारा भार टाकणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

ज्यांच्या मुलाला वाचन, लेखन किंवा गणितच साधत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. या बाबतीत महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढे होता. 1996 पासूनच शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक आणि एका भाषेतून सूट या गोष्टी मागून मिळतात, मात्र दाखला असेल तरच. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात व नायर रुग्णालयात ही तपासणी होते. तिला अनेक खेपा पडतात आणि प्रतीक्षायादी असते. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत हा दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. म्हणजे तिसरीतच अर्ज करावा. दहावीच्या दिवाळीत धावपळ करणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्यांची मुले सवलतीविना परीक्षेला बसलेलीही पाहिली आहेत. आणखी एक : डॉक्टरांचे निदान आणि दिव्यांगत्वाचा दाखला हे दोन स्वतंत्र कागद होत. पहिला हाती आहे म्हणून दुसऱ्याचे काम टाळू नये.

नातू आता पूर्ण दिवस शाळेत असतो. स्नेहसंमेलनाला तो अजूनही जात नाही, परंतु तो निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

शाळेने पंधरवड्यात उत्तर दिले नाही तर तोच अर्ज, पोचेच्या नकलेसह, शिक्षण निरीक्षकांकडे आणि महापालिकेची शाळा असल्यास पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. त्यानंतर पुण्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. ज्यांचे मूल आज अर्ध्या दिवसात घरी परत येत आहे, त्यांना माझी विनंती एवढीच की आजच्या तारखेपासून वही घाला, उद्या अर्ज द्या, आणि आवक क्रमांक पडल्याखेरीज शाळेच्या दारातून माघारी फिरू नका.