इंधन, सरपण आणि समिधा

'इंधन' हा शब्द 'इन्ध्' म्हणजे 'पेटविणे' या संस्कृत धातूपासून झाला आहे. जे जाळून उष्णता मिळते ते इंधन. मग ते लाकूड असो, दगडी कोळसा असो वा पेट्रोल. 'सरपण' म्हणजे मात्र चुलीत घालावयाचे लाकूडफाटे. म्हणून पेट्रोलला आपण इंधन म्हणतो, सरपण म्हणत नाही.

लहानपणी पावसाळ्यापूर्वी घरोघरी सरपणाची बेगमी होई. डोक्यावरून मोळी आणणाऱ्या स्त्रियांचे काम आम्ही तेव्हा हलके मानीत असू. पुढे कळले की, यज्ञातील 'समिधा' हा शब्दही 'सम्' उपसर्ग लागून याच 'इन्ध्' धातूपासून सिद्ध झाला आहे. विद्यार्थिमित्रहो, होमातली समिधा पवित्र, तर चुलीतले इंधन हलके कसे?