अवधूताने नाव सांगितले नाही



नोव्हेंबर महिना आला की आम्हा पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत आणि आपण म्हणजे आपणच आहोत, हे सिद्ध करायचं. गेल्या वर्षी यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र घेईना. तर्जनी ठेवली, मधलं बोट ठेवलं, नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, रेषा झिजल्यात तुमच्या. हात पुसून पुन्हा लावा." शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेने माझी ओळख पटवली.

त्याच आठवड्यात आणखी एक कागद भरला. ही चैत्रात गेली. रेशनकार्डावरून तिचं नाव काढायचं राहिलं होतं. त्याला 'नाव कमी करण्याचा अर्ज' म्हणतात. कारणाच्या रकान्यात 'मयत' एवढंच लिहिलं आणि 43 वर्षांचा संसार कार्डावरून कमी झाला.

घरी येऊन दारावरची पाटी पाहत उभा राहिलो. शाळेतले 'गुरुजी' निवृत्तीबरोबर संपले. गावचं घर वाटणीत गेलं. मुलगा दूरदेशी. आता हीही नाही. मग उरलेला हा 'मी' नेमका कोण? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. सत्तरी ओलांडलेल्या किती जणांच्या मनात तो असतो! म्हणून या दत्तजयंतीच्या निमित्ताने आपण तो दत्तप्रभूंच्याच दारात नेऊन पाहू.

यदूचा प्रश्न

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी 18 हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली आणि शके 1495 मध्ये काशीक्षेत्री ती पूर्ण केली. नाथांचे सद्गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त होते, हे आपण जाणतोच.

यदू अवधूताला विचारतो : महाराज, आपण तरुण आहात, ज्ञानी आहात, समर्थ आहात. सारे लोक काम-लोभाच्या वणव्यात होरपळत असताना आपण मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे शांत. हा आनंद कुठून आला?

आता उत्तर पाहा. अवधूत आपले नाव सांगत नाही. गाव, गोत्र, कूळ काही सांगत नाही. भागवतात या संवादात त्याचे नाव कुठेच येत नाही. तो दत्तात्रेय हे आपण परंपरेने जाणतो. तो म्हणतो, माझे 24 गुरू आहेत, आणि पृथ्वी, वायू, आकाश, जल असे एकेकाकडून काय घेतले ते सांगत जातो. म्हणजे 'तू कोण?' याचे त्याचे उत्तर 'मी कोणाकडून काय शिकलो' असे आहे. हुद्दा जातो, घर जाते, माणूस जाते. शिकलेले मात्र कोणी कमी करू शकत नाही, त्याचा अर्ज नसतो.

हा संवाद श्रीकृष्ण उद्धवाला केव्हा ऐकवतात, तेही ध्यानात घ्यावे. यादवकुळाला शाप झालेला आहे. ते कूळ आपसात भांडून संपणार, सातव्या दिवशी समुद्र द्वारका बुडवणार आणि स्वतः श्रीकृष्णही निजधामाला जाणार. उद्धवाचे घर, गाव, आप्त आणि देव, सगळेच जायचे आहे. अशा वेळी भगवंत त्याला कथा सांगतात ती यदूची, म्हणजे बुडणाऱ्या त्या कुळाच्याच मूळ पुरुषाची. कुळाचा अभिमान यादवांना काय कमी होता? तो त्यांना वाचवू शकला नाही. पण त्यांच्या पूर्वजाने नम्रपणे विचारलेला एक प्रश्न आजही आपल्याला उपयोगी पडतो आहे.

कपोत : शोक आणि जाळे

आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले सापडतात. ती पाहून कपोती आक्रोश करत धावते आणि अडकते. मग कपोत म्हणतो, आता मी कशासाठी जगू? आणि तोही उडी घेतो. पारधी सगळ्यांना घेऊन घरी जातो.

खरं सांगतो, ही गेल्यावर ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला. म्हटलं, संन्याशाला काय जातंय सांगायला! 43 वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाने रडूही नये की काय?

पोथी मिटून ठेवली. चार दिवसांनी पुन्हा उघडली, तेव्हा एक गोष्ट दिसली. कपोताला पारध्याने पकडले नव्हते. त्याचे पंख मोकळे होते, जाळे त्याला डोळ्यांनी दिसत होते आणि तरी त्याने उडी घेतली. अवधूत बोट ठेवतो ते इथे. मनुष्यजन्म म्हणजे मुक्तीचे उघडे दार, असे तो याच कथेच्या शेवटी म्हणतो. रडणे हे जाळे नव्हे. 'आता कशासाठी जगू' म्हणून उघड्या दाराकडे पाठ फिरवणे, हे जाळे.

मग स्वतःकडे पाहिलं. सात महिने चूल पेटवली नव्हती. मेसचा डबा यायचा, अर्धा तसाच परत जायचा. दत्ताच्या तसबिरीवर धूळ होती. मुलाचा फोन वाजून वाजून थांबायचा. मी रडत नव्हतो, मंडळी, मी जाळ्यात उतरत होतो.

कुमारी : एक कांकण

दुसरी कथा कुमारीची. घरची माणसे बाहेर गेलेली. तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडू लागली, तर हातातली शंखाची कांकणे वाजू लागली. घरात कांडून ठेवलेले तांदूळही नाहीत, हे बाहेर कळेल, या लाजेने तिने एकेक कांकण काढले. दोन उरली, तीही वाजली. मग प्रत्येक हातात एकच ठेवले आणि आवाज थांबला. अवधूत यातून एकांत शिकला : पुष्कळ जण एकत्र आले की कलह, दोघे असले तरी गप्पा, म्हणून एकटे असावे.

साधकाला हा एकांत हवासा वाटेल. पण आपल्यासारख्या गृहस्थाच्या वाट्याला तो न मागता येतो. घरात दुसऱ्या कांकणाचा आवाज नसतो आणि ती शांतता खायला उठते. अशा माणसाने या कथेतून काय घ्यावे?

मला एवढे दिसले : आवाज थांबला, पण मुसळ थांबले नाही. एकेक कांकण हातात घेऊन ती कांडतच राहिली, कारण बाहेर पाहुणा बसला होता. एकटे राहणे वेगळे आणि एकलकोंडे होणे वेगळे. पाहुण्यासाठी हात चालू आहे, तोवर एकटेपणाला एकांताची कळा येते.

ही रोज एक भाकरी जास्त थापायची. "कुणी आलं तर असू दे," म्हणायची. आमच्याकडे कोण येणार, असं मी हसण्यावारी न्यायचो. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तसबीर पुसली, घेवड्याची भाजी आणि थोडा भात केला. भात खाली लागला होता. तरी नैवेद्य दाखवला आणि एक ताट झाकून खाली सोसायटीच्या वॉचमनकडे नेलं. सहा वर्षं तो फाटक उघडत होता, मी त्याला 'वॉचमन' एवढंच म्हणत आलो होतो.

ताट हातात घेऊन तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आई रोज संध्याकाळी भाकरी आणून द्यायच्या. त्या गेल्या न् ते बंद झालं."

त्या जास्तीच्या भाकरीचं काय होतं, हे मला 43 वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. हिला त्याचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, त्याची मुलगी कितवीत आहे हेही माहीत होतं. रेशनकार्डावर कमी झालेलं तिचं नाव फाटकापाशी अजून शाबूत होतं.

मूल्ये कुठे असतात?

'आता मूल्ये राहिली नाहीत, संस्कार गेले' असे आपण वयस्कर माणसे फार बोलतो. अवधूताची गुरुमाला मात्र आपलीच परीक्षा घेते. त्यात विदेहनगरीची पिंगला नावाची वेश्या आहे, मध काढून नेणारा आहे, आणि राजाची स्वारी समोरून गेली तरी ज्याचे लक्ष ढळले नाही असा बाण करणारा कारागीर आहे. अवधूताने यांतल्या कोणाचे कूळ विचारले नाही. आपण मात्र नवा शेजारी आला की आधी 'आडनाव काय?' म्हणतो. जो आपल्याला गुरू होऊ शकला असता, त्याला आपण उंबऱ्यावरच परत पाठवतो. मग नातवंडांनी शिकायचे कोणाकडून आणि काय?

देह : आणखी एक गुरू

24 गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो, हा माझा देहही गुरूच आहे. तो विवेक शिकवतो, वैराग्य शिकवतो, आणि शेवटी तो आपला नव्हेच. बँकेतल्या यंत्राला न दिसलेल्या माझ्या बोटांच्या रेषा मला तेव्हा आठवल्या. खडू धरून, पाने उलटून, नातवंडांना उचलून त्या झिजल्या. तक्रार कशाची करायची?

एकादश स्कंधाच्या शेवटाकडे उद्धव निघतो, तो श्रीकृष्णांच्या पादुका मस्तकी घेऊन. गाणगापुरी नृसिंहसरस्वती स्वामींनी निरोप घेतला, तेव्हा मागे निर्गुण पादुका राहिल्या. जाणारा जातो, पावले ठेवून जातो. त्या पावलांवर डोके ठेवायचे आणि जमेल तेवढे त्या वाटेने चालायचे. मला तरी दत्तसंप्रदायाचे सांत्वन यातच सापडले.

एवढे करून पाहू

या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर, प्रसाद घेऊन घरी गेल्यावर, एक कोरा कागद घ्यावा. त्यावर आपले गुरू लिहावेत. मोठी नावे सोडून द्यावीत. आई, शाळासोबती, भाजीवाली, भांडलेला भाऊ, गेलेले आपले माणूस; ज्याच्याकडून जे मिळाले, ते एकेका ओळीत. 24 भरले नाहीत तरी चालेल. मग त्यातले एक काम उचलावे आणि पुढच्या गुरुवारपासून सुरू करावे.

माझ्या कागदावर पहिल्या ओळीत हिचं नाव आहे आणि पुढे लिहिलं आहे : एक भाकरी जास्त. माझ्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत. वॉचमन काही बोलत नाही, खातो. त्याचं नाव दुसऱ्या ओळीत आहे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!